वन्संची सही
“त्या वॉचमनची सही घेतलीस. फिल्ममध्ये त्याचा तर नुसता हात दिसतो,” वन्सं म्हणाल्या. “माझ्याकडे मात्र सगळं उरकल्यावर कागद घेऊन आलीस.”

“घरातल्या घरात काय सही घ्यायची, असं वाटलं मला.”

“मग आताही घरातल्या घरातच राहू दे.”

“ताई, करून टाक की,” नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. “तुझ्यावर फिल्म निघाली. माझ्यावर कोणी साधं पोस्टकार्ड लिहिलं नाही.”

वन्संनी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला. “‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, हवे ते बदल करण्याच्या अधिकारासह.’ एवढे अधिकार मी लग्नात नवऱ्यालाही दिले नव्हते.”

भाऊ हसला. वन्सं हसल्या नाहीत.

ज्या भावजयीशी हे चाललं होतं, तिला फिल्मच्या युनिटमध्ये सगळे कागदबाई म्हणत. बावीस वर्षं तिनं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात काढली. सत्तेचाळिसाव्या वर्षी बिनपगारी रजा टाकली आणि फिल्मनिर्मितीचा व्यवहार शिकवणारा वर्ग लावला. वर्गातली पोरं तिला आधी सरांची बायको समजली, मग कोणाची तरी आई. मधल्या सुट्टीत ती जिन्यावर बसून डबा खायची. पण सर सांगत ते तिच्या चटकन लक्षात यायचं. पडद्यावर दिसतं ते दिग्दर्शकाचं, निर्मात्याची ती फाईल. गाणं असो, भिंतीवरचं चित्र असो, रस्त्यानं जाणारा चेहरा असो, ज्याचं त्याचं संमतीपत्र हवं. एक जरी कमी असलं तरी चॅनेल फिल्मला हात लावत नाही.

हे घरी सांगायचं कोणाला? नवरा ‘हं’ म्हणायचा. मुलगी परगावी, तिला फोन केला की ती मीटिंगमध्ये. ऐकायच्या त्या वन्संच, दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. तशाच एका दुपारी त्यांनी आपलंही सांगितलं. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून त्या अठरा वर्षं भावाकडे होत्या. पण त्यांचा नवरा एकदा त्यांना न्यायला आला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. तो बेल वाजवत राहिला, वन्सं दाराच्या आत उभ्या राहिल्या, आणि त्यांनी दार उघडलं नाही. भावाला हे आजवर माहीत नव्हतं. मेहुण्यानं पुन्हा तोंडही दाखवलं नाही, असंच तो सगळ्यांना सांगायचा.

“लिही की माझ्यावर,” उशीला अभ्रा चढवता चढवता वन्सं म्हणाल्या होत्या. कागदबाईनं तीच परवानगी धरली.

एक दिग्दर्शक गाठून तिनं फिल्म केली. दाराचा प्रसंग बघूनच चॅनेलनं होकार दिला, आणि मग त्यांच्या वकिलानं विचारलं, मूळ गोष्ट कोणाची? तेव्हा कुठे तिनं वन्संना लॅपटॉपवर फिल्म दाखवली. नवरा कामावर होता. दाराचा प्रसंग आला तशा वन्सं उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आल्या. गॅस चालू नव्हताच.

“सोमवारपर्यंत हवी ना सही?” नवऱ्यानं पेपराची घडी घातली. “मी करतो ताईच्या नावानं. कोण बघतंय?”

“मी बघतेय,” कागदबाई म्हणाली.

वन्संनी कागद तिच्या हातात परत दिला. “मी वहिनीला सांगितलं होतं. निर्मातीला नव्हतं.”

“काय सांगितलं होतंस?” नवऱ्यानं विचारलं.

वन्सं वाळलेले कपडे आणायला उठल्या.

कागदबाई आतल्या खोलीत गेली. फाईलमध्ये त्रेसष्ट संमतीपत्रं होती, क्रमांक घातलेली. चौसष्टाव्याची जागा तिनं आधीच करून ठेवली होती. दार लावून तिनं दोन फोन केले. चॅनेलची बाई ‘ठीक आहे’ म्हणाली. दिग्दर्शकानं तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा वन्सं डबल बेडच्या चादरीची घडी घालत होत्या. एकटीनं, एक टोक हनुवटीखाली धरून. दुसरं टोक धरायला त्यांनी तिला बोलावलं नाही.

“फिल्म मी परत घेतली,” ती म्हणाली. “एक तारखेपासून शाळेत रुजू होतेय.”

“अगं, पण का?” नवरा म्हणाला.

“कागद अपुरे होते.”