आधी ठराव, मग सही: हिवरदरीची एक दिवसाची सफर

जाऊबाईंचा फोन आला, "शनिवारी ग्रामसभा हाय. गाव दुसऱ्या तालुक्यात टाकायलेत. तू ये, तुला वाचता येतं." मी शहरात, गारखेड्यात मुलाकडे राहते, पण मत अजून हिवरदरीतच आहे. लगेच पिशवी भरली. हे गेल्यावर शेताला माझं नाव लागायला तहसीलच्या दोन वर्षं खेपा झाल्या, आणि ते तहसील तासाभरावर आहे. नवं डोंगरापलीकडं, दोन बस बदलून. गावाला कुणी विचारलंच नव्हतं.

मुकुंदवाडीहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. रस्ता झकास आहे, फक्त फाट्याआधी खड्डे आहेत, तेव्हा मागच्या सीटवर बसू नका. फाट्यावर रशीदभाईंच्या हॉटेलात भजी आणि चहा तीस रुपयांत. मी खाईपर्यंत ते थांबले आणि शटर ओढून गावाकडं जाणाऱ्या माझ्याच रिक्षात बसले. म्हणाले, "भाभी, आज गाव पहले."

मारुतीच्या देवळासमोर एवढी माणसं मी लग्नातही पाहिली नव्हती. ग्रामसेवकांनी हजेरीची वही फिरवली. ती कोरीच परत आली! मागं पाण्याच्या सभेला सगळ्यांनी हजेरी म्हणून सह्या केल्या होत्या. वर रिकाम्या जागेत नंतर तालुका बदलायचा ठराव लिहिला गेला आणि तीच गावाची संमती म्हणून पुढं गेली. आता शंभर सह्या झाल्या नाहीत तर सभा तहकूब, आणि हरकतीची मुदत सोमवारी संपत होती. विरोधाला आलेलं सगळं गाव कागदावर गैरहजर राहणार होतं.

ग्रामसेवक म्हणाले, हजेरी आधी घ्यायचा नियम आहे.

"साहब, नियम तो हमने पिछली बार भी माना था," रशीदभाई म्हणाले. लोक हसले.

जाऊबाई उठल्या. "आदी ठराव लिवा. आमची बाई वाचंल. मंग सह्या."

ग्रामसेवकांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. मी वाचायला लग्नानंतर शिकले, पुडीच्या कागदांवरून. शब्द अडला की हे सांगायचे. त्या दिवशी 'संमतीशिवाय'वर अडले. सवयीनं शेजारी पाहिलं, मग स्वतःच जुळवून वाचला. दोनदा वाचलं, अगदी मोठ्यानं. खाली उरलेल्या जागेत आडव्या रेघा मारून घेतल्या. मग सह्यांना आणि अंगठ्यांना जी रांग लागली, ती पाहायला तरी यायला हवं होतं तुम्ही!

दुपारच्या बसनं परतले. मुलानं माझ्या मोबाइलमधला ठरावाचा फोटो पाहिला. तालुक्याचं थांबलं का, म्हणाला. सुनावणी व्हायची आहे, माहीत नाही, असं सांगितलं.

"पण पहिली सही तुझी कशी?"

ते जाऊबाईंनी ठरवलं होतं. वाचणारीनं आधी सही करायची, म्हणजे खोटं वाचलं असेल तर पहिली तीच अडकंल.