गोळी दुधाबरोबर नाही

"पोरीला रविवारी गावी पाठवतो," कोच सर म्हणाले, तेव्हा माझे हात पिठात होते.

पोरगी म्हणजे वैशाली. गारगोटीकडची, वय सतरा, लांब पल्ल्याची धावपटू. मी कोल्हापुरात खेळाडूंच्या होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. वैशालीच्या घरात कुणी मांस खात नाही, तीही खात नाही.

दोन महिने ती दमत होती. जिना चढला तरी धाप. रक्त तपासलं, फेरिटिन कमी आलं. फेरिटिन म्हणजे अंगात साठवलेलं लोखंड. रोज पळणाऱ्या पोरींचं ते लवकर सरतं, शिवाय पाळीत जातं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. आकडा तिथंच.

"मटणाशिवाय काय व्हायचं न्हाय," सर म्हणाले. "निदान पांढरा रस्सा तरी पी म्हणावं. न्हायतर टीममधली जागा दुसरीला देतो."

"ती न्हाय खायची. आन मी चोरून ताटात घालायची न्हाय."

"मग बसूदे घरी. बाप स्थळं बघतोयच."

वैशाली दारातच उभी होती. सगळं ऐकलं, पण रडली नाही. ते मला आवडलं.

सर गेल्यावर मी विचारलं, "गोळी गिळतीस का थुकतीस?"

"रोज घेतो की, मावशी. सरांच्या म्होरं. दुधाबरोबर."

आमच्याकडे पैलवान असो नाहीतर बाळंतीण, दुधाशिवाय औषध घशाखाली जात नाही. म्हशीचं ते दूध मीच तापवून देत होते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दवाखाना गाठला. गोळी कशाबरोबर घेते, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. ऐकून कपाळाला हात लावला. दूध आणि चहा लोखंड अंगी लागू देत नाहीत, लिंबू मात्र लागायला मदत करतं. सहा आठवड्यांच्या गोळ्या वायाच गेल्या म्हणायच्या.

सरांना सांगितलं.

"दूध बंद? कोल्हापुरात? लोक हसतील, मावशी!"

"हसूदेत. बंद न्हाय, झोपताना देतो. गोळी सकाळी, लिंबूपाण्याबरोबर. तीन महिनं थांबा."

"तुम्ही भाकरी थापा. ट्रेनिंग मी बघतो."

"बघा की. पण रविवारी पोरगी गेली, तर सोमवारपास्नं भाकरीपण तुम्हीच थापा."

पंचवीस पोरं जेवायला. सरांनी रविवारचं पाठवणं रद्द केलं.

जेवणावरचा चहा मी सगळ्यांचाच बंद केला. शिव्या खाल्ल्या. मटकीच्या उसळीवर, डाळीवर लिंबू पिळायला लावलं. तेवढ्यानं भागत नाही. गोळी चालूच होती.

तीन महिन्यांनी आकडा वर आला. राज्य स्पर्धेत वैशाली सहावी आली. पदक नाही, पण टीममधली जागा राहिली. बापानं स्थळं बघायचं थांबवलं.

आता सर नव्या पोरींना दटावतात, "गोळी दुधाबरोबर घ्यायची न्हाय!" जणू शोध त्यांचाच. असूदे.

औषध काय दिलं, हे सगळेच विचारतात. ते कशाबरोबर घशाखाली गेलं, तेही विचारावं.