थंडीत न तापणारी गाडी

मी चौथी पास. आयुष्यभर सरकारी जीप चालवली, म्हणून गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. रिटायर झालो, लखनौतच राहिलो आणि एक जुनी लाल गाडी घेतली. दिसायला छोटी, पण आधीच्या मालकानं मोठा कार्बोरेटर लावून, शर्यतीत पळवून तिचा जीव काढलेला. वळताना पुढच्या चाकात कटकट. इंजिनच्या हेडमधून तेल गळणार. क्लच घसरणार. बायको म्हणायची, "रोज तिचं दुखणं काय ते विचारता. माझं विचारलंत कधी?" आणि मोकळा रस्ता दिसला की हीच बाई, "दाबा की अजून!"

त्या वर्षी उन्हाळ्यात चौक भागातल्या गर्दीत इंजिन उकळायला लागलं. मग इथले सगळे मिस्त्री करतात तेच मी केलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, थर्मोस्टॅट म्हणतात. तो काढून फेकला. गाडी उकळायची थांबली. मी खूश.

पावसाळ्यात बायको गेली.

महानगर या आमच्या भागातल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे व्हायचं. विकास नगरात एक मावशी राहायच्या. विधवा, म्हणून त्यांना दुसरं कुणी बोलवत नसे. गुडघे गेलेले, रिक्षावर चढता येत नसे. ही मला गाडी घेऊन पाठवायची आणि मावशींना सगळ्यांबरोबर कुंकू लावायची. दवाखान्यात मला म्हणाली, "मी नसले तरी मावशींना आणायचं. चुकवाल तर बघा." मी हो म्हटलं होतं.

त्या जानेवारीत हळदीकुंकू शेजारच्या गल्लीतल्या एका बाईंनी ठेवलं. आणि गाडी चालेना. धुक्यात सुरू व्हायची, पहिल्या चौकात बंद. प्लग काढले तर काजळीनं काळे. नवे घातले, तेही काळे. कार्बोरेटर तीनदा उघडला. मिस्त्री म्हणाला, "चाचा, बेच दो इसको. इस उमर में ये शौक?"

"तू अपना काम देख," म्हटलं.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी गाडी अर्धा तास चालू ठेवून आत बसलो. तेव्हा कुठे तापमानाच्या काट्याकडे लक्ष गेलं. तळाशीच चिकटलेला. बॉनेट उघडून रेडिएटरचा पाइप धरला, तर नळाच्या पाण्यासारखा गार. इंजिन तापतच नव्हतं, म्हणून पेट्रोल नीट जळत नव्हतं. कार्बोरेटरला उगाच शिव्या घातल्या. खोड माझ्या हातची होती, व्हॉल्व्ह मीच काढून फेकला होता. नवा व्हॉल्व्ह आणला, कागदी पॅकिंग कापलं, बसवला. काटा मध्यावर येऊन थांबला. मी तिथंच रडलो, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी विकास नगरात गेलो. मावशी म्हणाल्या, "भाऊ, आता मला कशाला? ती होती तोवर ठीक होतं."

"बसा. तिला हो म्हणून बसलोय मी."

हळदीकुंकवाच्या घरी पोचलो. दारात त्या बाई आल्या, मावशींना पाहून जरा थबकल्या. "काका, एवढ्या थंडीत कशाला त्रास? तिळगूळ इथंच आणून देते ना."

"त्रास झालाच आहे," मी म्हटलं. "तिळगूळ दारात द्यायला भिकारी आहेत का त्या? आत घ्यायचं नसेल तर तोंडावर सांगा. मी घरी नेऊन माझ्या हातानं कुंकू लावतो, मग काय बोलायचं ते बोला."

बाई बाजूला झाल्या. मी मावशींना हात धरून पायरी चढवली आणि बाहेर गाडीत जाऊन बसलो.

तासाभरानं मावशी आल्या. हातात वाणाची स्टीलची वाटी, कपाळावर हळद आणि कुंकू.

"लावलं त्यांनी?"

"हळद लावली. कुंकवाशी बाईचा हात अडला. मग मीच बोट बुडवलं."

"कुणी काही बोललं?"

"नाही. सगळ्या ताटाकडे बघत बसल्या. पुढच्या वर्षी या, असंही कुणी म्हणालं नाही, बरं का."

"न म्हणू देत," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी मी आमच्याच घरी ठेवणार. तुम्ही ताट धरायचं."

"मी?" मावशी म्हणाल्या. "आणि येणार कोण?"

"बघू कोण येतं," म्हटलं आणि गिअर टाकला.