आईंचा श्रावण आणि खाऱ्या पाण्यातले दोघे

परवा दिंडोशीला नातीकडे गेले होते. हॉलमध्ये तिने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवलीय... पंप, लाइट, मीठ मोजायचं यंत्र, सगळं एकदम झकास. म्हणाली, "आजी, हे काही नसताना तुमचे मासे जगायचे कसे गं?"

जगायचे. पण एकदा वाट लागता लागता राहिली, तेच सांगते. टाइप ती करतेय, चुका तिच्या.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी अंधेरीला आले तेव्हा घरात ह्यांनी स्वतः जोडलेली टाकी होती. रंग फासलेली लोखंडी चौकट, पुट्टीने बसवलेल्या काचा, आणि आत वर्सोव्याच्या खडकांतून आणलेले काळ्या पट्ट्यांचे दोन मासे.

पाणी समुद्राचं. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ होतं, म्हणून हे मे महिन्यातच जादा पाणी भरून ठेवायचे... सासूबाईंच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्यांत. त्यावरून दरवर्षी एक भांडण ठरलेलं.

रोजची देखभाल माझ्याकडे आली. वरच्या काचेवर जमलेलं मीठ ओल्या फडक्याने पुसायचं, आणि पाणी उतरलं असेल तर काचेवर खुणेसाठी मारलेल्या रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं. मला ते उलटंच वाटलं होतं... पण उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे ह्यांनी समजावलं.

पंप नव्हता. म्हणून पाण्यात हवा मिसळावी यासाठी सकाळ-संध्याकाळ तांब्याने त्यातलंच पाणी उचलून वरून धार धरायची, हात भरून येईपर्यंत. मग कोलंबीचे बारीक तुकडे टाकायचे आणि उरलेले लगेच काढायचे, नाहीतर पाणी नासतं.

तेच तेच काम, पण मला आवडायचं. नव्या घरात माझं असं तेवढंच होतं.

आषाढ संपता संपता हे ऑफिसच्या कामाने नागपूरला गेले. जाताना फक्त टाकीचंच सांगून गेले, "सांभाळशील ना?" त्यांनी जीव लावलेली वस्तू पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली होती. मासे मेले तर ह्यांना तोंड कसं दाखवू, ही एकच धास्ती.

आणि श्रावण लागला.

आमच्या सासूबाईंना मी आई म्हणायची. त्या वेंगुर्ल्याच्या. एरवी माशाशिवाय घास उतरायचा नाही, पण श्रावणात मासळीचं नावही काढायचं नाही. मी चाचरत माशांच्या कोलंबीचं विचारलं.

"श्रावणात ह्या घरात म्हावरा येवचा नाय." विषय संपला. जिवंत मासे घरात चालत होते, त्यांचं जेवण चालत नव्हतं... आता ह्याला काय म्हणायचं!

नव्या सुनेने वाद घालायचा तो जमाना नव्हता. बाकीचं सगळं मी दुप्पट मन लावून करत राहिले. पण जवळ गेलं की दोघे काचेशी येऊन थांबायचे, आणि मला तिथे उभं राहवायचं नाही.

ते आईंनीही पाहिलं असणार. कारण सोमवारी मी दळण घेऊन परत आले तर टाकी पांढरी झालेली. उपास सोडायच्या आधी, स्वतःच्या घासाअगोदर, आईंनी नैवेद्याचा वरणभात माशांना वाढला होता... वर साजूक तूप घालून. शितं तळाला, तुपाचा तवंग वर, आणि दोघे मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन आ वासत होते.

आई ताट हातात धरून तशाच उभ्या. "उपाशी बघवना नाय, म्हणान दिलंय गो."

मला रडू येत होतं आणि रागही. दोन्हीला वेळ नव्हता. जुन्या धोतराच्या फडक्याने तूप टिपलं, रबरी नळीने तळचं पाणी भातासकट काढलं आणि बरण्या उघडल्या. मी न सांगताच आईंनी तांब्या उचलून धार धरली. "आई, तुम्ही जेवून घ्या," म्हटलं तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दिवेलागण झाली तरी त्यांचं ताट झाकलेलंच होतं.

सकाळी दोघे मासे तळाशी होते, पण कल्ले हलत होते. सांगायला वळले, तर आई पिशवी घेऊन निघालेल्या. थेट मासळीबाजारात. भर श्रावणात!

मी दारात वाट बघत होते. त्या जिना चढून आल्या आणि शेजारच्या काकूंनी पिशवीत डोकावलंच. "अगो बाई, श्रावणात कोलंबी?" दुपारपर्यंत बिल्डिंगभर होणार, हे आईंनाही ठाऊक होतं.

"श्रावण माझो. तेंचो नाय," आई म्हणाल्या आणि सरळ आत आल्या.

गॅलरीत बसून, तोंड वाकडं करत, त्यांनी कोलंबी सोलली. मग पुन्हा आंघोळ करून देवापुढे बसल्या. मी तुकडा टाकला... दोघांतला मोठा हळूहळू वर आला आणि त्याने तो गिळला. मी इतक्या जोरात "आई!" म्हणून हाक मारली की त्या पूजा टाकून धावत आल्या. मग दोघी टाकीसमोर उभ्या राहून डोळे पुसत होतो.

हे परत आले, टाकीत डोकावून म्हणाले, "छान सांभाळलंस गं." मी सांगायला तोंड उघडलं, तर तांदूळ निवडता निवडता आईंनी डोळ्यांनीच गप्प केलं. बरण्या रिकाम्या कशा झाल्या, हे विचारायचं ह्यांना सुचलंसुद्धा नाही.

टाकी होती तोवर दर श्रावणात आईंचा सकाळचा पहिला प्रश्न असायचा, "तेंचा जेवान इला?" आता हे नाहीत, आई तर कधीच गेल्या. श्रावण मी अजून पाळते... आणि देवाला हात जोडले की एक नमस्कार आईंना करते. स्वतःचा नेम दुसऱ्याच्या भुकेवर न लादणारी सासू मला मिळाली, हे माझं भाग्य.