चिल्ल्याचा अडतिसावा दिवस

सिंगापूरला मी गेलो तो बायकोच्या मागोमाग. नोकरी तिची, वुडलँड्समधला भाड्याचा फ्लॅट तिच्या नोकरीच्या जोरावर मिळालेला, आणि मी तबलजी. माझ्या पासवर ‘डिपेंडंट’ असा शब्द होता. त्याचा मला इतका संताप यायचा की ते कार्ड मी पाकिटात उलटं ठेवायचो. पहिली दोन वर्षं तबला पिशवीतून फारसा बाहेर निघालाच नाही. आज हवा दमट आहे, उद्या अंग जड आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

दोन हजार चौदा साल असेल. पावसाळी नोव्हेंबर चालू होता. सांगलीहून गुरुजींचा फोन आला. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेल्याला वर्ष झालं होतं, बोलणं जड झालं होतं.

“वाजवतोस का रे?”

“हो, गुरुजी.”

“खोटं बोलतोस. चिल्ला कर. झाला की ये आणि ऐकव. वेळ लावू नकोस, मी काही आता फार दिवस नाही.”

चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांची बैठक. रोज ठरल्या वेळी बसायचं, ठरलेले तास एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच रचना, घासायचा. मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. एक दिवस मोडला की पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींनी तरुणपणी तो केला होता आणि आम्हा शिष्यांपैकी एकालाही तो जमला नव्हता. मी दुपारी चार ते सात ही वेळ धरली. गुरुजी असेपर्यंत चाळीस दिवस पुरे करायचे, एवढाच ध्यास घेतला. गुरुजींच्या मुलीला मी ताई म्हणतो. ती फोनवर सांगायची, “बाबा मोजतायत रे. रोज मला कॅलेंडरवर रेघ मारायला लावतात.”

तिसऱ्या दिवशी सात वाजता खालच्या मजल्यावरची चिनी आंटी दारात आली. तिचा नवरा ऑपरेशन होऊन घरी आला होता. “माय हजबंड कॅनॉट स्लीप, लाह,” म्हणाली. मी भांडायच्या तयारीत होतो, पण ती रडायलाच लागली. मग कसलं भांडतोय! चौथ्या दिवसापासून तबला-डग्गा दोन खांद्यांना अडकवून, बगलेत छत्री धरून मी जागा शोधत हिंडायला लागलो.

शहर असं की पाणी साचू देत नाही आणि माणसालाही साचू देत नाही. इमारतीखालच्या मोकळ्या व्हॉइड डेकवर बसलो, तर दोन दिवसांत तक्रार गेली. पुंगोलला पाण्याकाठी एक छपराचा कट्टा सापडला. तिथे पाऊस आडवा यायचा, पण आठवडाभर निभावलं. एका संध्याकाळी बाबागाडी ढकलत एक मराठी बाई आली. “अय्या, तबला! तुम्ही मराठी का हो? आमच्या मंडळात वाजवाल?” मी मान खाली घालून वाजवत राहिलो. तिनं दोनदा विचारलं. मग जाताना नवऱ्याला म्हणाली, “काय मिजास आहे बघ!” माझा जीव तळमळला. दोन वर्षांत एखाद्या अनोळखी माणसानं माझ्याशी आपणहून मराठीत बोलायची ती पहिलीच वेळ होती. तरी मी तोंड उघडलं नाही. त्या रात्री मला आपला फार अभिमान वाटला, हेही कबूल करतो.

शेवटी हौगांगला एका बहुमजली कार पार्कचा पाचवा मजला मिळाला. तिथे गाड्या क्वचितच यायच्या. खाली प्लास्टिक, वर टॉवेल घालून मी भिंतीशी बसायचो. ओलीनं तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैलावायची, वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून सूर चढवावा तर अर्ध्या तासात परत उतरायचा. म्हणून एमआरटीच्या लोकलगाडीत येताना मी तबला शर्टाच्या आत पोटाशी धरून बसायचो. लोक माझ्या पोटाकडे बघायचे आणि शेजारची जागा सोडून उठायचे. बायको म्हणायची, “अरे, निदान कुठे असतोस ते तरी सांगून जात जा.” मी तिच्यावर खेकसायचो. तिचा काय दोष होता! तिच्या पगारावर मी साधना करत होतो, तेच मला खुपत होतं.

तिसाव्या दिवशी ताई म्हणाली, “बाबांनी खाणं सोडलंय.” मी लगेच निघतो म्हटलं. तिनं त्यांना विचारलं. मागून त्यांचा आवाज आला, “आधी चाळीस.” मी एक्केचाळिसाव्या दिवसाचं तिकीट काढलं.

अडतिसाव्या दिवशी धो धो पाऊस होता, कार पार्कच्या कडेनं पाण्याचा पडदाच लागला होता. आणि त्या दिवशी माझा हात सुटला. ज्या लयीत इतकी वर्षं बोट अडखळायचं, तिथे प्रत्येक बोल सुटा, स्वच्छ निघायला लागला. गुरुजींच्या हातून ऐकलेला बाज पहिल्यांदा माझ्या हातून येत होता. मला रडू आलं, पण थांबलो नाही. त्यातच पिशवीतला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. ताईचा असणार, हे मला कळलं. पण मी जोर धरून वाजवत राहिलो, आणि मनात म्हणत राहिलो, गुरुजींनाच हे आवडेल.

सातला फोन हातात घेतला. ताईचे सहा कॉल येऊन गेले होते. मी लावला.

“गेले रे,” ती म्हणाली. “अर्धा तास झाला.”

“ताई, मी बैठकीत होतो. उचलायचा नव्हता. त्यांनीच सांगितलं होतं…”

“माहीत होतं त्यांना. दुपारपासून म्हणत होते, आता तो बसला असेल. त्याला फोन लाव, नुसता शेजारी ठेव म्हणावं, मला ऐकू दे. मी म्हटलं, बाबा, तो उचलायचा नाही, तुमचाच नियम आहे. तर म्हणाले, नियम मी केलाय. तो उचलेल, माझा शिष्य आहे, एवढं त्याला कळतं. परत लाव.”

मग म्हणाली, “सहाही वेळा त्यांनीच लावायला सांगितलं.”