सातव्या मॅचसाठी थांबलेले दोन दिवस

नांदेडला जायचं मला काहीच कारण नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुण्याहून अहमदपूरला जायचं तर लातूरला उतरायचं आणि तिथून दीड-दोन तासांची एसटी धरायची. मी मात्र नांदेडचं तिकीट काढलं. आपलं एक जुनं मैदान बघू, चार फोटो काढू, ब्लॉगला बरं पडेल असा विचार केला. एक अख्खा दिवस असा गेला. तुम्ही माझ्या वाटेने जाणार असाल तर हा दिवस वाचवा.

रविवारी पूजाचा फोन आला होता. पूजा ही बिराजदार सरांची मुलगी. ती हैदराबादला असते, नववा महिना लागलाय, डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. सरांनी आम्हा बारा जणांना अहमदपूरच्या शाळेत बास्केटबॉल शिकवला, तोही अशा काळात जेव्हा गावात बहुतेकांना हा खेळ म्हणजे कबड्डीचाच एखादा प्रकार वाटायचा.

"दादा, बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडलीत. शुगर. लातूरचे डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या आत काढून टाका. बाबा नाहीच म्हणतायत. आईचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तू कॅप्टन होतास, तुझं ऐकतील."

मी म्हणालो, काळजी करू नकोस, मी घेऊन जातो त्यांना.

मंगळवारी सकाळी नांदेडला उतरलो. मे महिना, नऊ वाजताच ऊन डोक्यावर. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. जेवण साधं, गरम आणि पोटभर. नांदेडला येणाऱ्या कुणालाही मी तिथेच जेवायला सांगेन. मग रिक्षाने मैदान गाठलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी फायनल आम्ही इथे खेळलो होतो. दोन्ही खांब उभे होते, पण रिंगा नव्हत्या, बोर्ड नव्हते. कोर्टावर मांडवाचे पाइप रचून ठेवलेले, फ्री थ्रोची रेघ शोधूनही सापडली नाही. फोटो काढायला मोबाइल वर धरला आणि तसाच खिशात ठेवला. तरी संध्याकाळपर्यंत गावभर भटकलो, बिर्याणी खाल्ली आणि लॉजवर जाऊन झोपलो. सरांची बोटं त्या दिवशीही काळीच होती, एवढं मला माहीत होतं.

बुधवारी सकाळची एसटी. नांदेड, लोहा, अहमदपूर. रस्ता आता चांगला झालाय, दोन तास धरून चाला. पाण्याच्या बाटल्या दोन घ्या. शेजारी धोतरातले एक काका होते. माझे गुडघे समोरच्या सीटला टेकलेले बघून त्यांनी विचारलं,

"पोलिसात हाव का?"

"नाही. बास्केटबॉल खेळायचो."

"म्हंजी बिराजदार मास्तरचे का तुमी?" त्यांनी मान हलवली. "मास्तरला आता दिसंना झालंय. रोज सकाळी मैदानाला चक्कर मारायचे, तेबी बंद हाय. लई चांगला माणूस, पण लई हट्टी."

काकांनी अर्ध्या शब्दात सर सांगून टाकले. मी हसलो. आता विचार करतो, हसायचं काय होतं?

घरात शिरल्या शिरल्या उदबत्तीचा वास आला आणि त्याच्या खालून दुसरा एक वास. तो लपत नव्हता. सर पलंगावर, पायाला बँडेज, डोळ्यांवर जाड चष्मा, जो आता सवयीपुरताच. साखरेने डोळे जवळजवळ नेलेत. टीव्ही नुसता उजेडासारखा दिसतो म्हणाले.

"कोण? अकरा का?"

सरांनी आम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. जर्सीच्या नंबरानेच. मी अकरा. पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "केस गेले की रे सगळे."

महादेवी काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. समोर सुशीला ठेवली, म्हणजे आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा नाश्ता, वर शेंगदाणे भरपूर. आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू सांग बाबा त्यान्ला. मी सांगून सांगून बेजार झाले. म्याच हाय म्हणतेत. म्याच झाली की जाऊ म्हणतेत. पायापेक्षा म्याच मोठी हाय का?"

मॅच म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची. प्लेऑफ चालू होते: दोन संघ, जास्तीत जास्त सात मॅचेस, जो आधी चार जिंकेल तो पुढे. आमच्या संघाचं नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये भांडणं लागतील. आमचा संघ दोन-तीनने मागे होता. सहावी मॅच गुरुवारी सकाळी सहाला. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा अहमदपुरात दूधवाला येतो.

हा संघ सरांचा कसा झाला, ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाने त्यांना एक व्हिडिओ कॅसेट दिली होती, टीव्हीवरून उतरवलेली. शाळेत व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि आम्हा बारा जणांना चटईवर बसवून तीच एक मॅच दाखवायची. पन्नास वेळा तरी पाहिली असेल. कोण जिंकणार हे पाठ होतं, तरी शेवटच्या मिनिटाला आम्ही ओरडायचो. सर मध्येच कॅसेट थांबवायचे, पडद्यावर बोट ठेवायचे. "हा पाय बघा. डावा पाय खिळ्यासारखा. बाकी शरीर कुठंबी फिरू दे, हा हलला न्हाई पायजे." ते स्वतः आमच्यासमोर डाव्या पायावर फिरून दाखवायचे.

तर मी ठरवलं: गुरुवारी मॅच नऊपर्यंत संपेल, गाडी साडेनऊला, दुपारी लातूरला ॲडमिट. गाडीवाल्याला फोन केला. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हाव. म्याच बघू दे, मंग तू म्हणशील तिथं येतो." काकूंनी पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, झालं काम.

गुरुवारी सहाला मोबाइल टीव्हीला जोडला. सर खुर्चीत, पाय स्टुलावर. "तू सांगत जा. ह्या परदेशी कॉमेंट्रीवाल्यांचं इंग्रजी मला झेपत न्हाई."

मी सांगायला लागलो. पहिली दहा मिनिटं अडखळत, मग जीभ सुटली. डावीकडून आला सर, पास दिला, कोपऱ्यातून तीन पॉइंटचा मारला, आत. सर कुरकुरत होते: "सगळे लांबूनच मारतेत आता. आत जाऊन भिडायची हिंमतच न्हाई राहिली कुणात." पण त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर नाचत होतं. मॅच समोरच्यांच्या गावात होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्रेक्षकांचा गोंगाट एकदम थांबला आणि मी तोंड उघडायच्या आत सर ओरडले, "गप बसले! आपली गेली आत!" खरंच गेली होती. त्यानंतर तसंच चाललं. मैदान गप्प झालं की सर टाळी वाजवायचे, मागून मी सांगायचो कुणी मारली. काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही जिंकलो. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस त्या खोलीत उड्या मारत होतो, आणि कित्येक वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तीन-तीन. आता सातवी. शनिवारी सकाळी, आमच्या संघाच्या घरी.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"अकरा," सर म्हणाले, "दोन दिवसानं काय फरक पडतोय? महिना झालाय बोटाला. सातवी बगू, आन् तिथूनच गाडीत बसू. शब्द देतो."

काकू माझ्याकडे बघत होत्या. निर्णय माझ्यावर सोपवून त्या मोकळ्या झाल्या होत्या. आणि मी बाहेर जाऊन गाडीवाल्याला म्हणालो, शनिवारी या.

ह्यावर पांघरूण घालायचं नाही म्हणून लिहितो: सरांचं मन मोडवेना, हे अर्धंच खरं. सातवी मॅच मला बघायची होती. त्या खुर्चीशेजारी बसून, सरांना सांगत. पुण्यात मी पहाटे एकटा, हेडफोन लावून मॅचेस बघतो. बायकोला आणि मुलीला त्यात रस नाही. इथे कुणीतरी माझ्या प्रत्येक शब्दाची वाट बघत होतं. पूजाला मेसेज केला: शनिवारी नक्की नेतो. तिने नुसता अंगठा पाठवला.

गुरुवारची दुपार आणि शुक्रवार आम्ही जुन्या मॅचेस काढून बोलत बसलो. चार नंबर कुठे असतो, नऊ नंबरचा खांदा कसा निखळला होता, फायनलला पंचांनी कसं फसवलं. काकूंनी धपाटे केले, दही आणि मिरचीचा ठेचा. सरांनी अर्धाच खाल्ला. शुक्रवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "अंग तापायलंय त्यांचं." मी हात लावून पाहिला. तापलं होतं. तापाची गोळी दिली आणि म्हणालो, "सकाळी जायचंच आहे काकू, थोडाच वेळ राहिला."

शनिवारी सहाला सरांना खुर्चीत बसवायला मी आणि काकू दोघं लागलो. अंगावर शाल मागितली त्यांनी, मे महिन्यात. डोळे मिटून म्हणाले, "सांग."

मी सांगितलं. पहिला क्वार्टर बरा गेला, दुसऱ्यात मागे पडलो. सर मधूनमधून "हूं" म्हणत होते. आधीपासूनची त्यांची सवयच आहे, ऐकताना डोळे मिटायची. मध्यंतरानंतर समोरच्यांनी ओळीने चार तीनचे मारले आणि आमच्या घरचं अख्खं मैदान गपगार झालं. गुरुवारी ह्याच शांततेवर सर टाळ्या वाजवत होते. आता ती आमच्या विरुद्ध होती, आणि सर चिडतील, शिव्या घालतील म्हणून मी थांबलो. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मी पुढे सांगत राहिलो. अख्खा चौथा क्वार्टर सांगितला, हरलेली मॅच, शेवटच्या सेकंदापर्यंत. काकूंनी चहा आणला आणि "अहो" म्हणून खांद्याला हात लावला तेव्हा त्यांची मान बाजूला पडली. श्वास चालू होता. मी किती वेळ रिकाम्या खुर्चीला मॅच सांगत होतो, मला माहीत नाही.

अहमदपूर ते लातूर, चाकूरवरून, सत्तर किलोमीटरच्या आत. गाडीवाल्याने तासाभरात आणलं. रस्त्याबद्दल मला दुसरं काही आठवत नाही, तेव्हा विचारू नका. काकू मागे सरांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि नामस्मरण करत होत्या, मोठ्याने.

डॉक्टर तरुण होते. बँडेज उघडून बघितलं आणि बाहेर आले. "विष वर चढलंय. आता गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. तरी गॅरंटी देत नाही."

"गुरुवारी आणलं असतं तर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"गुरुवारचं मी सांगू शकत नाही. तुम्ही आज आणलंय."

काकूंनी ऐकलं. सही त्यांनी केली. दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी पोहे मागवले.

सर वाचले. डावा पाय मांडीपासून गेला. चार दिवस मी लातूरला थांबलो. दवाखान्यांच्या त्या भागात साध्या लॉज भरपूर आहेत, जेवणाची खानावळही मिळते, नातेवाईकांचंच सगळं गाव असल्यासारखं. सर शुद्धीत आले की पाणी मागायचे, पूजाचं नाव घ्यायचे, पुन्हा झोपायचे. पाचव्या दिवशी पूजाचा नवरा आला आणि मी गाडीत बसलो.

पुण्यात येऊन आता तीन आठवडे झाले. लीग संपली. फायनल मी बघितली नाही. पूजाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिला मुलगी झाली. फोटो पाठवला, मी "अभिनंदन" लिहिलं.

काल दुपारी काकूंच्या नंबरवरून फोन आला. बोलले सर.

"अकरा. सातवीचं काय झालं रे? मला अर्ध्यानंतरचं काही आठवंना. इथं कुणालाच माहीत न्हाई."

"हरलो, सर. मोठ्या फरकाने."



"मी तर थांब म्हणणारच होतो," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. मैदानावर चूक सांगताना असायचा तसा साधा आवाज. "मी म्हातारा माणूस, भ्यालतो पाय कापायला. म्याच नसती तर दुसरं कायतरी काढलं असतं. पण तू कशाला आलतास?"

काकूंना, पूजाला, डॉक्टरला, मला स्वतःला देण्यासाठी गेले तीन आठवडे मी पुष्कळ उत्तरं तयार करून ठेवली होती.

"मॅच बघायला आलो होतो, सर."

"हाव," ते म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला.