अर्जाची पोच
आज सुनेनं माझ्या गुडघ्यासाठी आंबेहळद उगाळली आणि त्या वासानं आमची जुनी पत्र्याच्या खोल्यांची वस्ती आठवली. शेजारी बेंबळीहून लग्न होऊन आलेली एक पोरगी राहायची, जेमतेम बावीस वर्षांची. नवरा हमाली करायचा आणि पिऊन तिला मारायचा. एका सकाळी तिच्या सुजलेल्या हाताला आंबेहळद लावता लावता मी म्हणाले, "चल, अर्ज देऊ." चौकीतल्या बाकावर आम्ही दुपारपर्यंत घामानं भिजत बसलो. हवालदारानं अर्ज वाचला आणि शिक्का मारायचं सोडून नवऱ्यालाच फोन लावला. तो आल्यावर त्याला खुर्ची दिली आणि आम्हाला म्हणाला, "घरातलं भांडण हाय, घरातच मिटवा." मी म्हणाले, "साहेब, अर्जाची पोच द्या." तेवढ्यात नवऱ्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि ती उठली. "ऱ्हाऊ द्या काकू, म्या जाते घरी." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी तिच्यावर ओरडले, "मग इथवर आलीसच कशाला?" ती खाली मान घालून नवऱ्यामागं चालू लागली. पुढंही पत्र्यापलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं, पण तिनं माझी कडी कधी वाजवली नाही. विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय काकू, पडले." वर्षभरात ते खोली सोडून गेले, कुठं ते कुणालाच ठाऊक नाही. ओरडायचं होतं हवालदारावर, आणि ओरडले मी त्या पोरीवर. हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, "तुम्ही तर मदतच केली की." मला त्याचाच जास्त राग येतो.